बेताची गळती

९ जानेवारी

वहिनी,

खोका उघडताना कात्री वापरू नका. दादाला तर जवळही येऊ देऊ नका. मागच्या खेपेला त्याने चाकू घातला, आतली पिशवी फाडली आणि वर मलाच फोन करून विचारलं, "काय रे वॉशर, फाटका माल पाठवतोस?" चिकटपट्टीचं एक टोक मी दुमडून ठेवलं आहे. ते धरून सरळ ओढा.

आत तीन पट्टे आहेत. तिन्ही दिसायला सारखे, म्हणून एकाला लाल दोरा बांधलाय, एकाला निळा, तिसरा बोडका. फरक फक्त स्क्रूच्या लांबीत आहे. लालचा आखूड, निळ्याचा मध्यम, बोडक्याचा लांब. दोरे सोडू नका. दादाला दोरा दिसला की सोडावासा वाटतो.

तुमच्या तिथल्या विभागप्रमुखांना, म्हणजे त्या सारखं घड्याळ बघणाऱ्या गृहस्थांना, कुठलंही काम दोन मिनिटांत समजावून हवं असतं असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही पडलात प्राध्यापक, तुम्हाला दोन मिनिटं खोकायलाच लागतात. म्हणून त्यांच्यासाठी मीच लिहून देतो, त्यांच्या भाषेत करून वाचून दाखवा:

"हृदयाची तपासणी हल्ली मनगटातून बारीक नळी घालून करतात. नळी काढली की ती शीर दाबून धरावी लागते, नाहीतर रक्त येतं. (धमनी. माहीत आहे. शीर म्हटलं की तुम्ही ओरडता.) पण जास्त वेळ, जास्त जोरात दाबली तर ती कायमची बंद पडते आणि पुढच्या वेळी त्या मनगटातून हृदयाकडे वाट मिळत नाही. म्हणून दाब थोडा थोडा सैल करत जायचा. हे काम सिस्टरचं, आणि सिस्टरला वॉर्डात इतर छप्पन्न कामं. आमचा पट्टा आपोआप सैल होतो. त्यात हवेची पिशवी आहे, पिशवीला एक स्क्रू आहे, आणि स्क्रू त्याच्या भोकात किंचित ढिला आहे. हवा त्याच्या आट्यांमधून गोल गोल फिरत बाहेर येते. आटे जास्त तितकी वाट लांब, वाट लांब तितकी गळती सावकाश."

मोठ्याने वाचून पाहिलं. दोन मिनिटांच्या आत बसतं. उरलेल्या वेळात त्यांना घड्याळ बघू द्या.

एप्रिलअखेरची मुदत माझ्या लक्षात आहे. तोवर पक्का नमुना तुमच्या हातात पडला पाहिजे, म्हणजे तिथला कारखाना त्याच्याबरहुकूम पट्टे करील आणि जूनच्या सुरुवातीला तुमची रुग्णांवरची चाचणी सुरू होईल. नाही पडला, तर ती जागा दुसऱ्या कोणाच्या अभ्यासाला जाईल आणि तुम्ही जुलैत हात हलवत परत फळ्यापुढे. "भाऊजी, निवृत्ती जवळ आली. परदेशात असं मोकळं वर्ष मला पुन्हा कोणी देणार नाही," हे तुम्ही विमानतळावर म्हणालात तेव्हा दादा ट्रॉलीचं चाक दुरुस्त करत होता आणि मी त्याला कसं करू नये ते सांगत होतो. पण ऐकलं होतं.

तुमचा दीर

ता. क. रविवारी सवयीने दुकानात दोन चहा सांगितले. दुसरा मीच प्यालो. तक्रार नाही.


२७ जानेवारी

वहिनी,

तुमची मेल हिने मोबाइलवर वाचून दाखवली. उत्तर मी कागदावरच देणार. मोबाइलवर आकृती काढायला गेलो तर बोटाने नकाशा होतो.

लाल फारच घाई करतो, बोडका रेंगाळतो, निळा जवळपास बरोबर आहे असं तुम्ही म्हणता. वहिनी, "जवळपास" हा शब्द डॉक्टरांच्यात चालत असेल. माझ्याकडे गिऱ्हाईक येऊन "नळ जवळपास बंद आहे" म्हणालं तर मी त्याला तो नळ दुरुस्त केला असं सांगू शकत नाही.

नवा स्क्रू कातायला घेतलाय. निळा आणि बोडका यांच्या मधला.

कातताना ती सकाळ आठवली आणि एकटाच हसलो, गिऱ्हाईक बावरलं. तुम्ही वॉर्डातून परस्पर दुकानात आलात, पांढरा कोट खुंटीवर टांगलात, तुमच्या त्या लंगड्या स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "भाऊजी, मला एक गळणारी वस्तू करून द्याल का?"

मी म्हटलं, "बाहेरची पाटी वाचलीत का?"

"वाचली. गेली कित्येक वर्षं वाचतेय. 'येथे सर्व प्रकारची गळती बंद करून मिळेल.'"

"मग?"

"मग काय! बंद करणारे बाजारात ढिगाने आहेत. मला गळणारं हवंय. पण बेताने. घाईने नाही, आळसाने नाही. सिस्टरच्या हातासारखं."

मी तुम्हाला सांगितलं की आयुष्यभर स्टोव्ह, पंप, नळ, फवारे यांची गळती थांबवून मी नाव कमावलंय, आता उतारवयात ते घालवणार नाही. तुम्ही फक्त मनगट पुढे केलंत, माझा अंगठा उचलून त्यावर ठेवलात आणि म्हणालात, "दाबा. आता मला त्रास न होता सोडून दाखवा."

तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तुम्ही तोंड वाकडं केलंत. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. हिला वाटलं तब्येत बिघडली.

तुमचा दीर

ता. क. स्टुलावर कोणाला बसू देत नाही. लंगडं आहे म्हणून. कोणी पडलं तर उगाच.


१६ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र रागात लिहिलेलं आहे, तसंच वाचा.

तुम्ही लिहिता की नवे पट्टे अजिबात सैल होत नाहीत. अजिबात! फुगवले की फुगून बसतात, तुमचा तो घड्याळवाला म्हणे विनोद करत होता की हे गाडीच्या चाकांत ट्यूब म्हणून बसवता येतील. वहिनी, माझ्या दुकानातून निघालेला प्रत्येक पट्टा पाण्याच्या ग्लासात बुडवून, बुडबुड्यांवर कान ठेवून तपासलेला असतो. मी ते बुडबुडे ऐकलेत. रांगेत उभ्या पोरांसारखे, एकामागून एक, धक्काबुक्की न करता बाहेर येत होते. इथे गळत होते आणि तिथे गळत नाहीत याचा अर्थ एकच, तुमची हवा वेगळी आहे. तुमचं शहर उंचावर आहे ना? मी वाचलंय उंचावरच्या हवेबद्दल. मी शाळेत गेलो नाही म्हणजे मला हवा कळत नाही असं नाही.

किंवा दादाने काहीतरी केलं. ही शक्यता मी वगळलेली नाही.

दीर

ता. क. दादाला विचारून घ्या. शांतपणे विचारा, म्हणजे खरं सांगेल.


१ मार्च

वहिनी,

दादाने काही केलेलं नाही. त्याला तसं कळवा. मी स्वतः कळवणार नाही, तो वर्षभर उगाळत बसेल.

तुम्ही स्क्रू काढलात, भिंगाखाली धरलात, कापसाने पुसलात, परत बसवलात आणि पट्टा शहाण्यासारखा सैल झाला. कापसाला काय लागलं होतं त्याचा फोटोही पाठवलात, चांगला मोठा करून. मेलमध्ये शब्द फक्त दोन: "ग्रीस, भाऊजी."

मी हिला म्हटलं, शक्य नाही. गळणाऱ्या आट्यांना ग्रीस कोण लावील? ते म्हणजे रुग्णाला गार पाण्याने भूल देण्यासारखं. ही भाजी निवडत होती. मान वरही न करता म्हणाली, "तुमचा डावा अंगठा दाखवा."

दाखवला.

"आता एखादा स्क्रू बसवून दाखवा."

समोर रेडिओच्या कप्प्याचा स्क्रू होता, तो उचलला. आणि वहिनी, माझ्या डोळ्यांदेखत माझा डावा अंगठा ग्रीसच्या डबीत गेला, बाहेर आला, आट्यांवरून फिरला आणि मग स्क्रू बसला. मी काही केलं नाही. अंगठ्यानेच केलं. म्हणजे पाण्याच्या ग्लासात तपासणी चोख व्हायची, मग पुसायला म्हणून स्क्रू काढायचो, आणि परत बसवताना हा गडी रोजच्या सवयीने सगळे आटे बुजवून टाकायचा. पहिले तीन न पुसता तसेच पाठवले होते, म्हणून वाचले.

ही हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "ज्या माणसाने घरातल्या नळाखाली कधी बादली ठेवू दिली नाही, त्याच्याकडे ताईंनी गळकी वस्तू मागितली. ताईंचंच चुकलं." तुमच्या या धाकट्या जावेला माझी बाजू घ्यायची कधीच सवय नव्हती, आणि तुम्ही गेल्यापासून ती दोघींच्या वाटचं बोलते.

उपाय केला आहे. डबी उजव्या फळीवर, वरच्या कप्प्यात, हात पोहोचणार नाही अशी ठेवली. डाव्या अंगठ्याला बोळा बांधून काम करतो. गिऱ्हाइकं विचारतात, "लागलं का हो?" मी म्हणतो, "शिक्षा आहे."

तुमचा दीर

ता. क. हवेबद्दलचं माझं म्हणणं मात्र पूर्ण चूक नाही.


२२ मार्च

वहिनी,

नमुना अजून पाठवत नाही. कारणं खालीलप्रमाणे.

एक तर तुमच्याकडे थंडी, माझ्याकडे उकाडा. थंडीत रबर आखडतं. किती आखडतं हे मला बघायचंय, त्यासाठी पट्टा बर्फाच्या डब्यात ठेवला होता, पण हिने तो काढून डब्यात मटार ठेवले. पुन्हा ठेवावा लागेल. शिवाय मनगटांचं आहे. जाड मनगट, बारीक मनगट, केसाळ मनगट. केसांवरून पिशवी सरकते का, हे कुणी पाहिलंय? मी केसाळ माणूस शोधतोय. शेजारचा चष्मेवाला आहे, पण तो दर वेळी मोबदल्यात एक चष्मा विकतो. आणि स्क्रूच्या डोक्याचा रंग ठरलेला नाही.

काम थांबलंय असं समजू नका. पट्टा सकाळपासून माझ्याच मनगटावर असतो. शटर उघडलं की घालायचा, आणि रेडिओवर बातम्यांची सुरावट वाजायला आली की तो सैल होऊन गळून पडतो. परवा चहात पडला. काल एका बाईंच्या पंपात पडला, सांडशीने काढावा लागला. आजही बातम्यांच्या सुरावटीलाच पडला, पण मी कप बाजूला सरकवून ठेवला होता.

तर असं आहे. घाई करून चालणार नाही.

तुमचा दीर

ता. क. स्क्रूच्या डोक्याला हिरवा कसा वाटतो? की राखाडी? तुम्ही आल्यावर समोरासमोर बसून ठरवू असं मला वाटत होतं, पण तुम्ही जुलैत येणार.


५ एप्रिल

वहिनी,

तुमची मेल मी स्वतः वाचली. हिला वाचू दिली नाही. तरी तिला कळलंच.

तुम्ही लिहिता, "भाऊजी, चहात पडला, पंपात पडला, तिसऱ्या दिवशी तुम्ही कप आधीच सरकवून ठेवलात. म्हणजे तो केव्हा पडणार हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. जी वस्तू रोज ठरल्या वेळी सैल होते, ती तयार आहे. तुम्ही ती मला का देत नाही?"

आणि खाली, "आणि रोज स्वतःची धमनी दाबून ठेवू नका. मी डॉक्टर म्हणून सांगतेय, वहिनी म्हणून नाही. वहिनी म्हणून वेगळं सांगेन."

वेगळं काय ते सांगितलं नाहीत. बरं झालं.

मी का देत नाही? कारण ती वस्तू माझ्या नावाने जाणार आहे. कारण एकदा ती कारखान्यात गेली की यंत्रं हजारोंनी काढतील, आणि कोणी आट्यांकडे बघणार नाही, बुडबुडे ऐकणार नाही. तिथे कोणी अंगठ्याला बोळा बांधून बसणार नाही. मग मला विचारायलाही कोणाला काही उरणार नाही. माणसाने एखादी गोष्ट नीट करायला घेतली की तुम्हाला ती टाळाटाळ वाटते. तुमच्या कॉलेजात विद्यार्थी प्रबंध उशिरा देतात तेव्हा तुम्ही त्यांना मुदत वाढवून देता, हे मला ठाऊक आहे. मला नाही वाढवून मिळत.

तुम्ही नवी नवरी म्हणून या घरात आलात तेव्हा तुमची परीक्षा होती. जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडं. मी विचारलं, "हृदयाची झडप म्हणजे नेमकं काय?" तुम्ही बरंच सांगितलंत, मला काही कळलं नाही. मग मी दुकानातून विहिरीच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह आणला आणि बशीशेजारी ठेवला. "हे असं? पाणी वर जाऊ देतं, खाली येऊ देत नाही?" तुम्ही पुस्तक मिटलंत. म्हणालात, "असे चार असतात. हा मला उद्या कॉलेजात न्यायचाय."

"नेऊन आणायचा हं, गिऱ्हाइकाचा आहे."

"आणीन. पण भाऊजी, पंप कंटाळत नाही. हृदय कंटाळतं. ते कसं दाखवायचं?"

त्यातून आपलं ते रबरी नळ्यांचं हृदय झालं. तुमची शिकवणी त्यावर उभी राहिली, किती पोरांनी त्यात नळ्या घालून हात बसवला. घरघरतं म्हणून पोरांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. आणि ते शिकवता शिकवताच तुम्हाला मनगट दिसलं, पट्टा दिसला. हे सगळं मी यासाठी लिहितोय की मी कधी तुमचं काम अडवलेलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

थोडा वेळ द्या एवढंच म्हणतो.

दीर

ता. क. दादाने वेगळी मेल केली आहे. एकच ओळ. "वॉशर, आता दे." त्याला सांगा, मोठ्या भावाचा हुकूम पट्ट्याला लागू होत नाही.


१३ एप्रिल

वहिनी,

तुमच्या कॉलेजातून निरोप आला, आजोबा गळतायत. गेलो.

तुमची खोली तशीच आहे. खिडकीतल्या रोपाला कोणीतरी पाणी घालतं, जरा जास्तच घालतं. आजोबांच्या डाव्या बाजूचा सांधा सुटला होता. बदलला. चार-पाच विद्यार्थी भोवती उभे होते. सगळे माझ्याकडे न बघता माझ्या अंगठ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काय झालं?" तर एक उंच मुलगी, तुमची शेवटच्या वर्षाची, ती म्हणाली, "काका, ग्रीसवाला अंगठा हाच का?"

म्हणजे तुम्ही तो फोटो वर्गाला पाठवलात. वहिनी, हे बरं नव्हे.

मी म्हटलं, "तुमच्या मॅडमना अब्रू वगैरे काही आहे का?"

"आहे ना! त्यांनी त्याच्याखाली लिहिलंय, ही आपल्याकडच्या सर्वांत विश्वासू अंगठ्याची चूक आहे, तुमच्याकडून अशी एकतरी होऊ द्या."

मी सांधा आवळत राहिलो. खरं तर तो आवळून झाला होता.

मग ती म्हणाली, चालू करा, बघू. आजोबा सुरू झाले, घरघरले. तिने मनगटाच्या नळीतून बारीक नळी आत सारली, झक्क सारली, हात हलला नाही. बाहेर काढली आणि भोकावर अंगठा दाबला. मी म्हटलं, "किती वेळ दाबून ठेवणार?" ती हसली. म्हणाली, "हा मॅडमचा प्रश्न आहे. मॅडम पहिल्याच तासाला विचारतात. मग सांगतात, दाबून धरायला कोणीही शिकतं. डॉक्टर तो, ज्याला सोडता येतं." आणि माझ्याकडे बघत तिने अंगठा हळूहळू उचलला. तोवर रबर मिटलं होतं, एकही थेंब आला नाही. मला वाटलं नव्हतं इतक्या लहान पोरीला जमेल.

येताना तिने विचारलं, "काका, पट्टा कधी येणार? आमची परीक्षा व्हायच्या आत आला तर आम्हाला वापरता येईल."

मी म्हटलं, "हवामानावर अवलंबून आहे."

तर, हवामान अनुकूल झालेलं आहे.

खोक्यात पक्का नमुना आहे. स्क्रूचं डोकं राखाडी केलं, हिरव्यावर डाग दिसतो. केसाळ मनगटावर सरकत नाही (चष्मेवाला, दोन चष्मे झाले माझे). थंडीत स्क्रू अर्धा आटा जास्त आत घ्या, पुरेसं आहे. मटारांशेजारी रात्रभर ठेवून पाहिलंय. सोबतच्या कागदावर कारखान्यासाठी मापं आहेत, आणि खाली मोठ्या अक्षरात: आट्यांना काहीही लावू नये. त्याखाली सही.

चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं आहे.

तुमचा दीर

ता. क. हिने कुरिअरच्या खिडकीपर्यंत सोबत केली. म्हणाली, "वाटेत परत फिराल." फिरलो नाही. एकदा थांबलो, पण ते बुटाची नाडी सुटली म्हणून.


३ जून

वहिनी,

काल फोनवर मी नीट बोललो नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं आणि हीही होती. म्हणून लिहितो.

तुम्ही सांगितलंत ते मी इथे जसंच्या तसं उतरवून ठेवतो, म्हणजे काही राहिलं असेल तर तुम्ही दुरुस्त कराल. पहिली रुग्ण, बस चालवणारी बाई. धिप्पाड. तपासणी झाली, हृदय ठीक निघालं, मनगटाला पट्टा बांधला, तुम्ही "शांत पडून राहा" म्हणालात. ती शांत कसली राहते! शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ती सांगायला लागली की लोक बस थांबायच्या आत कसे उड्या मारतात. सिस्टर तीन खाटा पलीकडे. तुम्ही दाराशी उभ्या, आत यायचं नाही असं स्वतःलाच बजावून. दादा जिन्यात, कारण तुम्ही त्याला तिथे पाठवलात. घड्याळवाले साहेब घड्याळ बघतायत. आणि त्या बाईने "अशी उडी मारतात!" म्हणून हात झटकला, तर पट्टा सुटून उडाला तो थेट म्हाताऱ्याच्या सुपाच्या वाटीत.

तुम्ही धावलात. थेंब नाही. मनगटाखाली नाडी टणटणीत. म्हातारा म्हणाला, "हे औषध आहे का? गाळून प्यायचं का?"

आणि तुमचा घड्याळवाला! तो म्हणाला, "अगदी वेळेवर."

वहिनी, मी मुद्दाम सांगतो, माझ्याकडे चहात पडायचा, तुमच्याकडे सुपात पडला. नमुन्याबरहुकूम आहे. कारखान्याने काम चोख केलंय, तसं त्यांना कळवा. मी असं क्वचित म्हणतो हे त्यांना माहीत नसेल, तेही कळवा.

मग तुम्ही म्हणालात, "भाऊजी, फोन कानाला घट्ट लावा, तिच्या मनगटावर नाडीचा आवाज ऐकवणारं यंत्र ठेवते, ऐका." मी घट्ट लावला नाही. मी तो मोठ्या आवाजावर टाकला आणि फोन कामाच्या फळीवर, पान्यांच्या मधोमध ठेवला. आधी खरखर. मग आलं. सूंऽ-झप, सूंऽ-झप. अख्ख्या दुकानात. मी इतकी वर्षं कान देऊन असे आवाज ऐकले ते थांबवण्यासाठीच. हा ऐकत राहावासा वाटला.

गिऱ्हाईक स्टोव्ह काखेत धरून उभं होतं. म्हणालं, "मास्तर, काहीतरी जोरात गळतंय हो तुमच्याकडे."

मी म्हटलं, "गळत नाहीये. वाहतंय."

ते म्हणालं, "मग बंद नाही करायचं?"

ही आतल्या दारातून ओरडली, "खबरदार त्यांनी हात लावला तर!" आणि पलीकडून तुम्ही हसलात, आणि ती बसवाली बाई म्हणाली, "कोण आहे हो फोनवर?" आणि तुम्ही म्हणालात, "ज्याने पट्टा केला तो. माझा दीर." मग ती मोठ्याने काही म्हणाली आणि तुम्ही मराठीत करून सांगितलंत, "अहो दीरभाऊ, सूप सांडलं तुमच्या पट्ट्याने!" मी तुमच्यामार्फत तिला सांगितलं, पुढच्या वेळी वाटी सरकवून ठेवा. त्यानंतर जे सांगायचं राहिलं, ते हे पत्र.

काल रात्री आलेली तुमची मेलही मिळाली. त्यात इतकं सगळं आनंदाचं आणि शेवटी सहज म्हणून लिहावं तसं: "जुलैत आले की बसू. एका झडपेबद्दल विचारायचंय. ती उघडते नीट, पण मिटायला लाजते." वहिनी, तुम्हाला वाटतं मला कळत नाही तुम्ही असं का लिहिता. कळतं. पण ती झडप कुठल्या बाजूची? आणि लाजते म्हणजे पूर्ण मिटत नाही की उशिरा मिटते? हे दोन वेगळे रोग आहेत.

तुमच्या स्टुलाचा पाय नीट केला. वर्षानुवर्षं खाली चकती सरकवून काम भागवत होतो, आता लाकूडच जोडलं. कोणालाही बसू देतो. काल चष्मेवाला बसला होता.

दादाला सांगा, त्याने सांगितलेलं ऐकलं म्हणून मी पट्टा पाठवला असं त्याने लोकांना सांगू नये. तो सांगणारच. तरी सांगा.

तुमचा दीर

ता. क. तुम्ही विचारलंत, आता दुकानाची पाटी बदलणार का. नाही. रंगही तोच, शब्दही तेच. फक्त खाली एक ओळ वाढवून घेतली आहे, बारीक अक्षरात, म्हणजे ज्याला गरज असेल तोच वाकून वाचील: "बेताची हवी असल्यास आत येऊन बोलावे."